ही मंडळीची सभा नव्हे

युस्टिना हार्डरला मंडळबिंडळ काही काढायचं नव्हतं. तिला फक्त बसायचं होतं.

“मंडळात बसायचंच तर असतं, मावशी,” एल्फ्रीडा म्हणाली. “आपण सगळ्या मिळून.”

“चार बायका मिळून बसल्या की त्याला बसणं म्हणत नाहीत गं. त्याला काम म्हणतात.”

एल्फ्रीडा शाळामास्तरांची बायको. पलीकडच्या जुन्या वसाहतीत वाढलेली आणि गेल्या वर्षी लग्न होऊन या गावात आलेली. तिच्या माहेरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, भगिनी मंडळ होतं. पंधरवड्यातून एकदा बायका जमायच्या, दवाखान्यासाठी चादरी शिवायच्या, गाणी म्हणायच्या, बायबलातला एखादा अध्याय वाचायच्या. ते सगळं तिला इथेही हवं होतं. पोरीच्या अंगात उत्साह होता, आणि या गावात उत्साहाकडे लोक पाहुण्याच्या नव्या बुटांकडे बघावं तसं बघत. कौतुक करत आणि मनात म्हणत, बघू, पहिल्या चिखलापर्यंत.

उत्तरेचा वारा सुटला होता. हा वारा सुटला की चाकोच्या या रानात माणसं भांडतात, गाई दूध चोरतात आणि पावाचं पीठ फुगायच्या आत वरून वाळतं. युस्टिना ओसरीवर बसून बोटांना चरबी चोळत होती. कापूस वेचून वेचून नखांच्या कडा फाटल्या होत्या. तिने शिंगाच्या पेल्यातली गार येर्बा, इथला पाल्याचा चहा, एल्फ्रीडापुढे सरकवली.

“तूच हो की अध्यक्ष.”

“मी कालची पोरगी. माझं कोण ऐकणार? तुमचं सगळ्या ऐकतात.”

“ऐकतात, कारण मी बोलत नाही. बोलायला लागले की तेही बंद होईल.”

एल्फ्रीडा हसली, येर्बा संपवली आणि पुन्हा येते म्हणून गेली. येणार हे युस्टिनाला माहीत होतं. तिला माणसं कापसासारखी तोलायची सवय होती. ढीग केवढा दिसतो ते सोडून द्यायचं, आणि त्यात ओल किती नि माती किती ते बघायचं. एल्फ्रीडाचा माल कोरडा आणि स्वच्छ होता. असल्या माणसाला टाळणं कठीण जातं.

गाव मेनोनाइट ख्रिस्ती लोकांचं, आणि म्हणाल तर बायकांचंच होतं. नवरे रशियात राहिले. राहिले म्हणजे नेले गेले. एकेका घराशी पोलिसांची गाडी थांबली, माणसाला अंगावरच्या कपड्यांनिशी बसवलं, आणि नंतर ना पत्र ना निरोप. मग युद्ध आलं. बायका पोरं घेऊन घोडागाड्यांमागून पश्चिमेला चालत सुटल्या, जर्मनीत पोचल्या, बोटीत बसल्या आणि पाराग्वेच्या या काटेरी रानात येऊन उतरल्या. रान तोडलं, मातीच्या विटा पाडल्या, बैल धरायला शिकल्या. आता हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली होती आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. पण मंडळीत मत मात्र भावांनाच. बाप्तिस्मा झालेले गावातले सगळे पुरुष एका बाकावर मावत. तो बाक ठरवायचा आणि बाकीचे बाक पाळायचे.

संध्याकाळी धारा काढून झाल्यावर युस्टिना कुंपणाशी गेली. कुंपणापलीकडे आगाता रेम्पेल राहायची. दोघींचे नवरे एकाच आठवड्यात नेलेले. दोघी एकाच गाडीमागून चाललेल्या, बोटीत एकाच बादलीत ओकलेल्या. प्रभुभोजनाच्या दिवशी बायका जोडीजोडीने एकमेकींचे पाय धुतात, तेव्हा ही जोडी ठरलेली असायची. पण आता नाही. आता युस्टिनाच्या वाट्याला हेलेना टोव्स आली होती, आणि हेलेना पाय असे धुवायची की जणू उद्या ते उकडायचे आहेत.

आगाताला मंडळीतून काढलं होतं. नवऱ्याचं काय झालं याची खात्री नसताना ती हाइनरिख बार्गच्या घरात राहायला गेली होती. बार्गचीही बायको तिकडेच कुठेतरी हरवलेली. मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, थीसन यांनी दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा भर उपासनेत तिचं नाव वाचलं. पुढे रानात झाड पाडताना ते बार्गवरच आलं, तो गेला आणि आगाता आपल्या घरी परतली. पाप उरलं नव्हतं, पण शिक्षा तशीच होती. परत यायचं तर मंडळीपुढे उभं राहून म्हणायचं, मी पापात राहिले. एवढंच एक वाक्य. आगाता ते म्हणत नव्हती. ती रविवारी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर एकटी बसायची आणि शेवटच्या गाण्याआधी निघून जायची. गावाने कुणाला तिच्याशी बोलायची मनाई केलेली नव्हती. फक्त कुणी बोलत नव्हतं.

“एवढा कापूस वेचून झाला की मी जाते,” आगाता म्हणाली.

“कुठे?”

“असुन्सिओनला. राजधानीत एका जर्मन दुकानदाराला स्वयंपाकीण हवीय. गाय तू घे.”

“तुझी गाय लाथा मारते.”

“तुलाही सवय होईल.”

युस्टिना कुंपणाच्या खांबाला टेकली. “या वयात दुसऱ्याच्या चुलीपुढे उभी राहणार?”

“इथे स्वतःच्या चुलीपुढे उभी असते, पण ‘मीठ जास्त झालं’ म्हणायलाही कुणी नाही. परवा मी गाईला विचारलं, पाऊस येईल का. आणि गंमत सांगू? उत्तराची वाट बघत थांबले.”

“मी आहे ना.”

“तू रोज थकून येतेस, खांबाला टेकतेस आणि जातेस. तू म्हणजे खांबाचीच पाहुणी.”

“ते वाक्य म्हणून टाक ना बाई एकदा. सगळेच काहीबाही म्हणतात.”

आगाताने बादली खाली ठेवली. “त्या माणसाने माझ्यासाठी, माझ्या परसात विहीर खणली, युस्टिना. खारं पाणी लागलं. बुजवली आणि दुसरी खणली. तीही खारी निघाली. तिसऱ्यांदा गोडं लागलं तेव्हा त्याने पहिला पेला मला दिला. सांग, यातलं कुठलं पाप म्हणू? पहिली विहीर की दुसरी?”

युस्टिना खांबापासून सरकली. घरी येऊन ती पलंगावर पडली. पाय ठणकत होते, छपरातून धूळ गळत होती. आगाता गेली तर त्या गाडीमागची, त्या बोटीतली गोष्ट माहीत असणारं माणूस या रस्त्यावर एकही उरणार नव्हतं. बाकीच्यांच्या गोष्टी वेगळ्या गाड्यांमागच्या होत्या. एकटी युस्टिना आगाताला पुरणार नव्हती, हे तिला कधीचं कळत होतं. पुरायला चार-दोन कटकट्या बायका लागतात, मीठ जास्त झालं म्हणणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी ती शाळेकडे गेली आणि एल्फ्रीडाला म्हणाली, “करते तुझं मंडळ. पण आगाता त्यात हवी.”

एल्फ्रीडाचा चेहरा उतरला. “मावशी, त्या मंडळीत नाहीत. भाऊ परवानगी देणार नाहीत.”

“अजून विचारलंय कुणी?”

विचारायची वेळच आली नाही. मंडळाची बातमी हेलेना टोव्सने पोचवली आणि कॉर्नेलियुस थीसन स्वतःच आले. मंडळीचे वडील, विधुर, पाठीत वाकलेले. वजनाला प्रामाणिक माल. फक्त भीतीची ओल जरा जास्त. ओसरीवर बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“बहीण युस्टिना, तुम्ही जमून करणार काय?”

“शिवणार, भाऊ.”

“आणि?”

“आणि बोलणार. शिवताना तोंड शिवून घेता येत नाही.”

थीसन हसले नाहीत. “बोलणं म्हणजे वचनावर? एखादी उभी राहून अर्थ सांगायला लागली तर? प्रेषित पौलाने लिहिलंय, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“आहे. तुम्ही दरवर्षी सांगता.”

“मी बायकांच्या विरुद्ध नाही. पण आज शिवण, उद्या प्रार्थना, परवा उपदेश, अशीच सुरुवात होते. लोक म्हणतील, गावात दुसरी मंडळी निघाली.” त्यांनी टोपीची कड चिमटीत धरली. “मंडळीची सभा वेगळी. तिथे भाऊ असतात, वडील असतात, मंडळीचे नियम असतात. चार बायका जमल्या म्हणून ती सभा होत नाही.”

युस्टिना येर्बात पाणी ओतत होती. तिचा हात मध्येच थांबला.

“मग ती काय होते, भाऊ?”

“काहीच होत नाही. शिवणकाम होतं.”

“मंडळीचा नियम तिथे लागत नाही?”

“कसा लागेल? मंडळीच नाही तर नियम कुणाला लागणार?”

“हे तुम्ही मला माझ्या ओसरीवर सांगितलंत.” तिने पेला त्यांच्या हातात दिला. “उद्या कुणी म्हणेल, ही सभाच आहे, बायका मंडळी चालवायला लागल्या.”

“हेच तर! मलाही हीच काळजी!”

“मग भावांच्या बैठकीत ठरवून टाका ना. आणि रविवारी व्यासपीठावरून सांगा, म्हणजे कुणाच्या मनात घोळ राहायला नको.”

थीसन यांचा चेहरा निवळला. सबंध रस्ताभर ते दुसऱ्याच लढाईची तयारी करत आले असावेत. “तुम्ही समजूतदार आहात,” ते म्हणाले, आणि पेला संपवून हळूहळू निघाले. युस्टिना त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. तरीही तिला त्या माणसाची कीव आली. रिकाम्या घरी जाऊन स्वतःच पाव कापून खाणार होते ते.

भावांच्या बैठकीत म्हणे बरीच चर्चा झाली. बायकांनी गावं का? हरकत नाही, कापूस वेचतानाही त्या गातात. वाचावं का? एक अध्याय वाचावा, अर्थ सांगू नये. प्रार्थना? मनातल्या मनात करावी, कारण तिला परवानगी लागत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं. रविवारी थीसन यांनी उपदेश संपल्यावर चष्मा पुसला आणि शब्द तोलून सांगितलं, “भगिनी शिवणकामासाठी जमणार आहेत. हे जमणं मंडळीची सभा नव्हे. मंडळीचा अधिकार वा नियम तिथे लागू नाही, आणि तिथे जे होईल ते मंडळीने केलं असं कुणी समजू नये.”

हेलेना टोव्सने समाधानाने मान हलवली. युस्टिनाने वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. आगाता मांडीवरचे हात बघत होती.

ठरल्या दिवशी दुपारी युस्टिना आगाताला न्यायला गेली. आगाताने चूल सारवायला काढली होती.

“ऐकलंस ना रविवारी?”

“ऐकलं.”

“मग चल.”

“मला दारातून काढलं आणि तू मला कुंपणाच्या भोकातून आत घेतेस. मी काय कोंबडी आहे?”

“भोकातून का होईना, आत तर येशील.”

“आत येऊन काय? त्या सगळ्या गप्प बसतील. इथे एकटी गप्प असते, तिथे पंचवीस जणींबरोबर गप्प बसायचं, एवढाच फरक.”

समजावायचं तर बरंच होतं. पण पहाटेपासून वाफ्यात वाकून युस्टिनाची कंबर धरली होती आणि शब्दांनाही उभं राहायला कंबर लागते. “आगाता, मी आता समजावणार नाही,” ती म्हणाली. “मला होत नाही. या मंडळासाठी मी होय म्हणाले ते तुझ्यासाठी. एरवी या घटकेला मी झोपले असते. तुला जायचं तर जा असुन्सिओनला. पण आधी एकदा तिथे ये, आणि मग जा.”

एवढं बोलून ती निघाली. मागे वळून बघण्याचेही तिने कष्ट घेतले नाहीत.

शाळेच्या खोलीत बायका मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसल्या होत्या. काळे रुमाल, धुतलेले एप्रन. मध्ये कापडाचा ढीग. एल्फ्रीडाने दुमजली पाव भाजून आणले होते, जरा जास्तच लाल झालेले. गाणं झालं. मनातल्या मनात प्रार्थना झाली, म्हणजे बायकांना दोन मिनिटं डोळे मिटायला मिळाले, आणि एक-दोघींनी ते उघडायला वेळ लावला. मग एल्फ्रीडाने अध्याय वाचला आणि पुस्तक घाईने मिटलं, जणू त्यातून अर्थ बाहेर सांडेल.

सुया ओवल्या जात होत्या तेव्हा आगाता दारात आली. हातात स्वतःची कात्री होती. उंबरा ओलांडून ती दाराजवळच्या बाकावर टेकली.

बोलणं थांबलं. वारा पत्र्यावर वाळू फेकत होता, तेवढाच आवाज. युस्टिनाला वाटलं, आगाता म्हणाली होती तसंच झालं.

हेलेना उठली. “मला वाईट म्हणायचं ते म्हणा. पण हिला काढलेलं आहे. हिच्याबरोबर बसायचं नाही.”

“कशात बसायचं नाही?” युस्टिनाने विचारलं. तिने बाकावरून उठायचे कष्ट घेतले नाहीत.

“मंडळीत!”

“ही मंडळी आहे?”

“म्हणजे?”

“रविवारी तूच मान हलवलीस, हेलेना. मी पाहिलं.”

हेलेना लाल झाली. “मी थीसनभाऊंनाच बोलावते.”

“बोलाव. जवळच आहेत.”

थीसन यांचं घर समोरच होतं. ते बाह्या दुमडलेल्या अवस्थेत आले. खांद्यावर कापसाचे धागे चिकटले होते. दारातच थांबून त्यांनी आधी पावांकडे पाहिलं, मग आगाताकडे. तिचं नाव वाचणारे तेच होते, आणि बार्गवरचं झाड उचलायला पहिले धावलेलेही तेच.

“भाऊ, हिला इथे बसता येतं का?” हेलेनाने विचारलं.

आगाता उठायला लागली. युस्टिनाने तिच्याकडे न बघता म्हटलं, “थांब गं. भाऊ, तुम्ही नाही म्हणा, ती जाईल. मीही जाईन, मला झोप आलीय. फक्त एवढं सांगा, कुठल्या नियमाने उठवता. मंडळीच्या नियमाने उठवलंत तर ही मंडळीची सभा झाली. मग एल्फ्रीडाने आत्ताच सभेत अध्याय वाचला, आणि तोही मोठ्याने.”

एल्फ्रीडाने पुस्तक एप्रनखाली सरकवलं.

थीसन यांनी कपाळ चोळलं. त्यांच्या डोळ्यांपुढे काय चाललं होतं ते युस्टिनाला दिसत होतं. वेचणीच्या दिवसांत पुन्हा सगळ्या भावांना गोळा करायचं, पुन्हा तेच वाद, आणि रविवारी व्यासपीठावर उभं राहून, गेल्या रविवारचं बोलणं परत गिळायचं. हेलेना वाट बघत होती. सगळ्याच वाट बघत होत्या. थीसन यांनी शेवटी एल्फ्रीडाला विचारलं, “अर्थ सांगितला का कुणी?”

“नाही, भाऊ. देवाशपथ... म्हणजे, खरंच नाही.” मेनोनाइट शपथ घेत नाहीत, हे तिला मध्येच आठवलं.

एक-दोघी खुसखुसल्या. थीसन यांच्याही ओठांचा कोपरा हलला की काय, सांगता येत नाही.

“मग शिवण चालू द्या,” ते म्हणाले. जाता जाता वळले. “आणि ती खिडकी उघडा. उकडून मराल.”

ते गेले. हेलेना उभीच होती. बसायचं कसं हे तिला कळत नव्हतं, कारण उभं राहिल्यावर बसणं म्हणजे हरणं. तिने ढिगातून एक चादर ओढली, ती आगाताच्या मांडीवर टाकली आणि तशीच तिच्या डोक्याशी उभी राहिली. आगाताने सुई ओवली. चार टाके घातले.

“हे काय?” हेलेना म्हणाली.

“टाके.”

“हे टाके? यातून रोग्याचा पाय बाहेर येईल. उसव.”

आगाताने मान वर केली. “तुझ्या टाक्यांइतके बारीक घातले तर रोगी बरा होऊन घरी जाईल तरी चादर व्हायची नाही.”

“बरा होऊन जाऊ दे. चादर दुसऱ्याला होईल. उसव म्हणते ना.”

“माझ्या सुईला काय कळतंय तुझं?”

“सुई काय, दोरापण जाड घेतलायस!” हेलेना तिच्या शेजारी टेकली, कारण वाद घालायला जवळ बसावं लागतं, आणि चादरीचं दुसरं टोक हिसकावून स्वतःच टाका दाखवू लागली. पलीकडून कुणीतरी विचारलं, आगाता, तुझ्या विहिरीचं पाणी अजून गोडं आहे का गं, आमचं यंदा खारावलं. आगाता म्हणाली, आहे, घेऊन जा हंडाभर. मग कापसाच्या किडीवर बोलणं गेलं, आणि पाव जरा करपलेत यावर सगळ्यांचं एकमत झालं.

युस्टिना भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी असावाही, पण त्याच्यावर सबंध वेचणीचा हंगाम पडला होता.

संध्याकाळी बायका निघाल्या तेव्हा हेलेनाने अर्धवट चादर आगाताच्या काखेत कोंबली. “घरी ने. आणि पुढच्या वेळी आण. बघणार आहे मी.”

“मी असुन्सिओनला जाणार आहे.”

“जा की. पूर्ण करून जा. आणि त्याखालच्या दोनही तुझ्याच वाट्याच्या आहेत. आम्ही काय तुझ्या वाट्याचं शिवायचं?”

दोघी शेजारणी धुळीच्या रस्त्याने घरी निघाल्या. आगाता चादरीचे टाके चाचपत चालली. मग म्हणाली, “अगदी खाष्ट बाई आहे ती हेलेना.”

“आहे.”

“तिला दाखवतेच आता बारीक टाका काय असतो ते.” तिने काखेतली चादर सावरली. “पुढच्या वेळी पाव मी आणेन. त्या पोरीला भट्टीचा अंदाज नाही.”

युस्टिनाने मान हलवली आणि चालता चालता हिशेब केला. आगाता राहणार, तर मंडळ चालायला हवं. मंडळ चालायला हवं, तर पंधरवड्यातून एक दुपार तिची गेली. एखाद्या वर्षासाठी नाही, तर जोवर ती बाकावर बसू शकते तोवर. शिवाय हेलेनाशी दर वेळी वाद, एल्फ्रीडाला धीर, थीसनभाऊंना येर्बा. सौदा महागात पडला होता.

“काय गं, गप्प का?” आगाताने विचारलं.

“काही नाही. धारा राहिल्यात,” युस्टिना म्हणाली, आणि पाय ओढत आपल्या फाटकाकडे वळली.